दोन पानी गाणं

इनास सरांनी फळ्यावर गाणं उतरवलं, खडूचे हात पँटला पुसले आणि वर्गाकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "पोरांनो, हे दोन पानी गानं हाय. जपून."

मी त्या वर्गात नवी होते. बाबांची बदली मुंबईला झाली आणि आम्ही कराडहून थेट वसईत, माणिकपूरच्या एका नव्या बिल्डिंगीत येऊन पडलो. शाळा मराठी माध्यमाची, आठवीचा वर्ग, शनिवारचा शेवटचा तास इंग्रजीचा. फळ्यावरचं गाणं इंग्रजीच होतं. मी वहीत बघितलं तर ते सगळं एका पानात आरामात मावत होतं. पण सर म्हणतायत दोन पानी, म्हणजे दोन पानं भरायलाच हवीत. नव्या शाळेत पहिल्याच महिन्यात कशाला बोलणी खा? मी टपोरी अक्षरं काढली, दोन-दोन ओळी सोडल्या, मधे एक फूलसुद्धा काढलं आणि ओढूनताणून गाणं दोन पानांवर नेलं.

सर फिरत फिरत माझ्या बाकापाशी आले. वही उचलून बघत राहिले.

"हे काय गो? एवढी अक्षरं कोनासाठी? आंधळ्यांसाठी?"

"सर, तुम्हीच म्हणालात ना, दोन पानी म्हणून."

वर्ग असा फुटला की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि आपल्याच डोळ्याखाली बोट ठेवलं. "पोरी, पान नाय. पानी. हे, इथलं. एका डोळ्यातून आलं तर एक पानी. दोन्ही डोळ्यांतून आलं तर दोन पानी."

"आणि तीन?" मागून कोणीतरी विचारलं.

"नाकातून पन आलं तर तीन. पन तीन पानी गानं आजून मला गावलेलं नाय."

तर असे हे आमचे इनास सर. त्यांच्या घरच्या बोलीत ण हे अक्षरच नव्हतं. पाण्याचं पानी, गाण्याचं गानं, कोणाचं कोन. मुख्याध्यापिका बाईंनी त्यांना एकदा बाजूला घेऊन सांगितलं की साहेब तपासणीला येणार आहेत, निदान त्या दिवशी तरी ण म्हणा. सरांनी इतकं मनावर घेतलं की त्या दिवशी त्यांनी एकही न शिल्लक ठेवला नाही. "णमस्कार साहेब. हा आठवीचा वर्ग. यात काही मुलं णवीण आहेत." साहेबांनी आपलं शुभनाव विचारलं. सर छाती काढून म्हणाले, "इणास." आम्ही दप्तरात तोंडं खुपसून बसलो होतो.

पांढरा बुशशर्ट, पायात चपला आणि खिशात दोन पेनं. एक लाल, वह्या तपासायला. दुसरं बिनरिफिलीचं, कॅसेट गुंडाळायला. कुवेतला असलेला त्यांचा भाऊ कॅसेटी पाठवायचा. त्या साबणाच्या वड्यांबरोबर पेटीत घालून यायच्या, त्यामुळे सरांच्या सगळ्या इंग्रजी गाण्यांना परदेशी साबणाचा वास असे. अजूनही तसला साबण हातात आला की मला उगाच भरून येतं. काय म्हणावं आता याला!

सरांचं ठाम मत होतं की तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना रडणारी गाणी ऐकवलीच पाहिजेत. "या वयाचं पोर म्हनजे काढलेलं कच्चं केळं," ते म्हणायचे. "कोनी धूर दिल्याबिगर पिकायचं नाय. आनि धूर दिला की डोळ्यात पानी येनारच." आता वसईतल्या पोरांना केळी कशी पिकवतात हे सांगावं लागत नाही. मला लागलं. त्यासाठी सरांनी पुढच्या शनिवारी केळ्याचा एक फणाच वर्गात आणला. इंग्रजीचा तास तसाच राहिला आणि आम्ही केळी खाल्ली.

पण वाट्टेल ते रडगाणं त्यांना चालत नसे. त्यांचे नियम कडक. ज्या गाण्यात 'बेबी' आलं ते बाद. "चांगल्या घोड्याएवढ्या बाईला बाळ म्हननारा मानूस खोटं बोलतो. त्याचं काय ऐकायचं?" एकदा एक गाणं निघालं, त्यात खरोखरच तान्हं बाळ होतं. सर दोन शनिवार विचारात पडले होते. शेवटी त्यांनी ते पास केलं, पण वर्गाला बजावून सांगितलं की हे खरं बाळ हाय, गैरसमज नसावा.

दुसरा नियम असा की गाणं आपल्या गावात बसलं पाहिजे. म्हणजे सर ते बसवायचेच. माझं ते दोन पानांवर ओढलेलं गाणं एका माणसाचं होतं. त्याची बायको घर सोडून गेलेली आणि तो रोज सकाळी दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ लोटून ठेवतो, न जाणो ती आली तर तिचे पाय गार पडायला नकोत. आम्ही बर्फ पाहिला होता तो फक्त गोळ्याच्या गाडीवर. सर म्हणाले, "मिठागर बघितलंय ना? सगळं पांढरं, नजर जाईल तिथवर. तेच बर्फ समजा. फक्त गार. आनि त्यात हा एकटा मानूस झाडू घेऊन." आणि मग आम्हाला तो दिसला. नायगावच्या खाडीकडे, मिठागराच्या बांधावर, झाडू घेऊन उभा. माझ्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं आणि मला पानी म्हणजे काय ते नीट कळलं.

वर्गाला एक गाणं द्यायचे ते वेगळं, शिवाय ज्याला त्याला औषधासारखं वेगळं गाणं. चाचणीत नापास झालेल्याला एक, मैत्रिणीशी अबोला धरलेलीला दुसरं. माझी जिवाची मैत्रीण कराडला राहिली होती. हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. एका दुपारी त्यांनी मला कॅसेट दिली. त्यात दोन मैत्रिणींचं गाणं होतं. एक गाव सोडून जाते आणि दुसरी तिच्या वाटणीचा झोका कोणाला घेऊ देत नाही. "जेवनानंतर ऐक," सर म्हणाले. "एक दिवसाआड. रोज नको, सवय लागंल." मी रोज ऐकलं आणि सवय लागली.

सरांचा टेपरेकॉर्डर टॉवेलात गुंडाळून सायकलच्या कॅरियरवर बांधून यायचा. लाईट गेली तर सेलवर चालायचा. एकदा सेल उतरत आले होते. गाणं म्हणणारी बाई, मुलगा समुद्रावर गेलाय आणि मी रोज त्याचं ताट वाढते असं आळवत होती. बघता बघता तिचा आवाज जाड झाला. मग तिचा बुवा झाला. मग तो बुवा झोपेत बोलल्यासारखा "ता…ट" अशा अर्थाचं काहीतरी बरळायला लागला. पोट धरून हसलो आम्ही. डोळ्यांतून पाणी, काहींच्या नाकातून पाणी.

"सर, तीन पानी झालं!"

"ते हसन्याचं पानी," सर शांतपणे म्हणाले. "ते मोजत नाय."

पालकांनी तक्रार केली नसती तर नवल. आमचे बाबाच पहिले. "पोरीला इंग्रजी शिकायला पाठवतो की रडायला? दर शनिवारी डोळे सुजवून येते!" मुख्याध्यापिका बाईंनी सरांना विचारलं, की सर, पोर्शनचं काय? आम्ही खिडकीपाशी ऐकत होतो. सर म्हणाले, "पोर्शन चालूच हाय की बाई. हा पास्ट टेन्स हाय. तुम्ही बघा, जेवढी रडनारी गानी तेवढी सगळी पास्ट टेन्समधी. ती होती, ती हसायची, ती गेली. पोरांना एकदा गानं पाठ झालं की रूपं विचारायला लागत नाहीत." चाचणीत आमचा अख्खा वर्ग भूतकाळात पैकीच्या पैकी घेऊन बसला. भविष्यकाळात मात्र सगळ्यांची बोंब होती.

एक गोष्ट आमच्या लक्षात आली होती. सर स्वतः कधी रडत नसत. गाण्यातली ती नेमकी जागा आली की त्यांना खिडकीची कडी बघायची असे, नाहीतर पुसलेला फळा परत पुसायचा असे. ते बर्फाचं गाणं लागलं तर ते सरळ बाहेर जाऊन सायकलची हवा बघून येत.

मग एके दिवशी मंदानं सांगितलं. मंदा आमच्याच वर्गातली, सरांच्या वाडीला लागून तिची वाडी, मधे फक्त कुंपण.

"सरांची बायको वारली ना गेल्या साली, रेजिनाबाय. तवापासून त्यांची विल्मा रडली नाय. एकदा पन नाय. मयताला पन नाय. सगळी बोलत होती."

विल्मा म्हणजे सरांची एकुलती एक मुलगी. आमच्याच वयाची, पण शिकायला कॉन्व्हेंटात, इंग्रजी माध्यमात. मंदा पुढे म्हणाली, "सर शनिवारी आपल्याला गानं ऐकवतात ना, तेच रात्री जेवनाआधी ओट्यावर तिला लावतात. आपन रडलो तरच लावतात."

म्हणजे आमच्यावर गाळून बघितलेलं गाणं घरी जायचं! आम्ही चाळणी होतो. पण खरं सांगायचं तर कोणालाच राग आला नाही. उलट सगळ्यांना एकदम काम मिळाल्यासारखं झालं.

"मग ती काय म्हणते?" मी विचारलं.

"ती ऐकते, आनि म्हनते, 'ड्राय, डॅडी.' आनि आत जाऊन कुकर लावते."

मंदानं आणखीही एक सांगितलं. पूर्वी लाईट गेली आणि मोटर बंद पडली की सर विहिरीवर दोर ओढायचे, रेजिनाबाय कळशी धरायच्या आणि सर मोठमोठ्यानं इंग्रजी गाणी म्हणायचे. कुंपणापलीकडून मंदाची आजी ओरडायची, की अरे इनास, पानी आटंल! बायको गेल्यापासून सर विहिरीवर गायले नव्हते.

झालं, आमच्या वर्गाचा निकाल आता सोमवारी लागायला लागला. सकाळी प्रार्थनेच्या रांगेत मंदा येऊन उभी राहायची आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे. "ड्राय." आम्ही हळहळायचो. कोणाच्या मामाकडून, कोणाच्या शेजारच्या अंकलकडून कॅसेटी मागून आणायला सुरुवात झाली. कुत्र्याचं गाणं आणलं, ड्राय. अनाथ पोराचं आणलं, ड्राय. बर्फाच्या गाण्यावर सरांचा सगळा भरवसा होता, ते त्यांनी तीनदा लावलं. तिन्ही वेळा ड्राय. शेवटी एक हुशार मुलगी सरांसमोर उठून म्हणाली, "सर, कांदा चिरायला बसवा ना तिला."

सर चमकले. आपलं गुपित वर्गभर झालंय हे त्यांना तेव्हा कळलं. थोडा वेळ ते खिडकीची कडी बघत उभे राहिले. मग म्हणाले, "कांद्याचं पानी खोटं. मोजत नाय." आणि धडा उघडला.

नाताळला सरांनी अख्ख्या वर्गाला घरी बोलावलं. केळीच्या बागेत कौलारू घर, ओट्यावर बाळ येशूचा गोठा मांडलेला, आणि ताटात गरम गरम फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे नाताळचे गोल गोड वडे. विल्मा ते तळत होती. एवढीशी पोर, कमरेला किल्ल्या, केसांचा घट्ट अंबाडा आणि डोळ्यात जरब. आम्ही तिच्याकडे अशा टक लावून बघत होतो की ती वैतागली.

"काय बघता? मी रडते का ते?" ती फाडकन म्हणाली. सर गोठ्यातला दिवा नीट करायला बाहेर गेले होते. "तुमचे सर ना, मला रडवायला बघतात. मी रडत बसले तर कुकर कोण लावणार? घर कोण बघणार? आणि ते स्वतः कुठे रडतात? मम्मी गेली त्या दिवशी पण ते पाहुण्यांच्या खुर्च्या मोजत होते. आधी त्यांनी रडावं. मग मी बघते."

मी तोंडातला फुगा तसाच धरून बसले. मला त्या दोघांची इतकी कीव आली आणि त्या दोघांचा इतका राग आला! एकाच घरात दोघं एकमेकांची वाट बघतायत आणि मधे तो टेपरेकॉर्डर बिचारा घसा कोरडा करतोय. हे सरांना सांगायचं कोणी? मंदा म्हणाली, तू सांग. मी म्हटलं, तू सांग. कोणीच सांगितलं नाही. सांगून कोणाला रडता येतं का, असंही वाटलं.

दहावी झाली, पांगापांग झाली. सर मात्र भेटत राहिले. स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत गाठ पडली की आधी प्रकृती विचारायची नाही, काही नाही, एकदम, "एक नवीन गानं गावलंय, एक पानी नक्की." कॅसेटी गेल्या, सीडी आल्या. सरांनी सीडी प्लेअर घेतला, तोही टॉवेलात गुंडाळून फिरवायचे. मी हळूच विचारायची, "आणि विल्मा?" सर हात झटकायचे. "कोरडं गो. अजून कोरडंच." विल्मा एव्हाना बँकेत लागली होती आणि सरांना ब्लडप्रेशरच्या गोळ्या वेळेवर देत होती.

मग विल्माच्या लग्नाचं बोलावणं आलं. मी तेव्हा लग्न होऊन नायगावला राहायला गेले होते. मंदाबरोबर आदल्या दिवशीच गेले, कारण त्यांच्याकडे आदल्या संध्याकाळी बाया वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. ते बघायचं होतं. आणि काय सांगू, त्यातही सरांनी आपलं घातलंच. महिनाभर आधी त्यांनी बँडमास्तरला बर्फाच्या गाण्याची कॅसेट नेऊन दिली होती. पाणी आणताना हेच वाजवायचं. हळू. अगदी हळू.

बँडमास्तरनं गाणं बसवलं होतं, खोटं कशाला बोला. पण लग्नाच्या बँडला एकच चाल येते. ढोलावर टिपरी पडली, क्लॅरिनेट उसळलं आणि तो बर्फ लोटणारा एकटा माणूस एकदम वरातीत नाचायला लागला. बायांनी पदर खोचले, आत्यांनी हात वर केले. सर घामाघूम होऊन बँडच्या पुढे उलटे चालत ओरडत होते, "स्लो! अरे स्लो! बायको गेलीय त्याची!" कोण ऐकतंय? विल्मा हसत होती. नवरीनं विहिरीवर यायचं नसतं म्हणे, पण विल्माला कोण अडवणार.

विहिरीपाशी बँड थांबला. कप्पी गंजून घट्ट झाली होती. मोटर असताना दोराला हात कोण लावतो? एकीला ओढेना, दुसरीला ओढेना. तेव्हा सर पुढे झाले. रुसलेलेच होते गाण्यावरून. त्यांनी बाह्या सरसावल्या, बादली सोडली आणि दोर ओढायला लागले. कप्पी करकरायला लागली. आणि ओढता ओढता, त्यांना कळायच्या आतच, ते गुणगुणायला लागले. बर्फाचं गाणं. हळू, त्यांना हवं होतं तसं. बादली काठाशी आली. एका हातात दोर घट्ट धरून, मान न वळवता, रोजच्या आवाजात सर म्हणाले,

"रेजिना, कळशी धर."

सगळ्या बाया जिथल्या तिथे थांबल्या. सरांनाही आपण काय बोललो ते ऐकू आलं. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. तिथे खिडकी नव्हती, फळा नव्हता, सायकल नव्हती. दोन्ही हात दोरात अडकलेले. आणि मग एवढा मोठा माणूस ओक्साबोक्शी रडला. बादली हलत होती आणि पाणी त्यांच्या नव्या बुटांवर सांडत होतं.

विल्मा पुढे आली. तिनं आत्याच्या हातातली कळशी घेतली आणि वडिलांसमोर धरली. सरांनी रडतच बादली ओतली. कळशी भरेपर्यंत विल्मा उभी होती. भरल्यावर तिनं ती विहिरीच्या काठावर ठेवली, वडिलांच्या छातीत तोंड घातलं आणि "मम्मी" म्हणून असा हंबरडा फोडला की मंदाची आजीसुद्धा कुंपणापलीकडून धावत आली. मी आणि मंदा कोपऱ्यात एकमेकींना धरून रडत होतो. अख्खा आठवीचा वर्ग तिथे असायला हवा होता.

खूप वेळानं विल्मानं नाक ओढलं. मेंदी लागलेल्या हातानं पुसलंही. "थ्री, डॅडी," ती म्हणाली. मग वडिलांच्याच उच्चारात, "तीन पानी."

"नाकातून पन?" सरांनी विचारलं. परीक्षक तो परीक्षकच.

"नाकातून पन."

सरांनी चष्मा पुसला, घातला आणि बँडमास्तरकडे वळले. तो बिचारा पायातली चप्पल बघत उभा होता. "आता वाजव," सर म्हणाले. "तुझ्या चालीत वाजव. फास्ट."

ढोल वाजला आणि बाया नाचत घराकडे निघाल्या. विल्मा त्यांच्यात होती, डोळे सुजलेले आणि हात वर. सगळ्यांच्या मागून इनास सर येत होते, चिंब बुटांचा पचपच आवाज करत. कळशी त्यांच्या हातात होती. ही बायांनी न्यायची असते, असं दोन-तीन आत्यांनी त्यांना सांगून बघितलं, पण त्यांनी ती घरापर्यंत कोणालाच धरायला दिली नाही.